जाळी लावू का?

“मालक बाहेरगावचे म्हटल्यावर बाल्कनीचं असंच व्हायचं,” आतून आवाज आला. “तिकडे बसून फोनवर फ्लॅट सांभाळतात!”

कोथरूडमधल्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर मी चपला काढत होते. बाहेरगावचा मालक म्हणजे मीच. बाबांनी फ्लॅट माझ्या नावावर केला आणि मी नोकरीसाठी बंगळूरला गेले. मी चपलेचा पट्टा सोडवायला जरा जास्तच वेळ लावला.

आत सेक्रेटरी काका आणि खजिनदार काकू बसले होते. कोपऱ्यात माझे भाडेकरू मोबाइलवर आमचे मेसेज उघडून उभे होते. ते अमरावतीकडचे, एका कारखान्यात सुपरवायझर आहेत.

“या,” काका म्हणाले. “बसा. बसायला परवानगी लागत नाही. बाल्कनी बंद करायला लागते.”

चूक माझीच होती. सहा महिन्यांपूर्वी भाडेकरूंचा मेसेज आला होता : ‘मॅडम, कबुतरं लय त्रास देतात. जाळी लावू का?’ मला फोनवर बोलायचा कंटाळा, आणि मराठीत टाइप करायचा त्याहून जास्त. मी अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. मग ‘पाऊस आत येतो’ असा मेसेज आला, त्यालाही अंगठा. ‘थोडं पॅक करून घेऊ का?’ यालाही अंगठाच. अशा तीन अंगठ्यांत जाळीची सरकती काच झाली, आत प्लायवूड लागलं, पंखा लागला आणि बारावीतल्या मुलीचं टेबल बसलं. बाल्कनी म्हणून काही उरलंच नाही.

“परवापर्यंत हे सगळं उतरवायचं,” काका म्हणाले. “नाहीतर महापालिकेकडे तक्रार जाईल. टाइप करून तयार आहे.”

“महिनाभर राहू द्या न जी,” भाडेकरू म्हणाले. “पोरीची परीक्षा होऊ द्या, मग मी स्वतः काढतो. घरात आम्ही पाच जणं, तिनं बसावं कुठं?”

“अहो, अभ्यास काय, आम्हीही केला. जिन्यात बसून केला,” काकू म्हणाल्या.

“आता जिन्यात बसली तर त्याचीही नोटीस काढाल तुम्ही,” भाडेकरू पुटपुटले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं एक आहे, वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत आणून, ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’ हे ठरेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यामुळे लोकांना मी एकतर फार समंजस वाटते किंवा फार शिष्ट.

“मालकीणबाईंचं मत?” काकांनी विचारलं. “की इथंही अंगठाच?”

मी पाणी प्यायले. बांधकाम बेकायदा होतं. ते काढायलाच हवं होतं. पण परवा काढलं तर त्या मुलीचा महिना वाया जाणार होता, आणि तोही माझ्या आळसामुळे.

काकांनी तक्रारीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. “पुराव्यासकट आहे. फोटो मी स्वतः काढलाय.”

फोटो खरंच स्पष्ट होता. आमच्या काचा, प्लायवूड, टेबलावरचा दिवासुद्धा दिसत होता. पण त्या सगळ्यावर एक पुसट आकृती उमटली होती : बनियन, चष्मा आणि डोळ्यांसमोर धरलेला मोबाइल. खाली कडेला सरकत्या काचेची ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर वाळत घातलेला पंचा. काका आमच्या अगदी समोर राहतात, त्याच मजल्यावर, बाल्कनीसमोर बाल्कनी. काचेआडून फोटो काढला की काढणाराही थोडा फोटोत येतो.

काकूंनी वाकून फोटो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

या वेळी वाक्य थेट मराठीतच आलं.

“काका, महिन्याभरानं माणूस बोलावते,” मी म्हणाले. “आपल्या दोन्ही बाल्कन्या एकदमच उघडून घेऊ.”