मागचं डावं चाक

मी फौजेत अठरा वर्षं काढली. त्यातली निम्मी गाड्यांच्या पोटाखाली पडून गेली. व्हेइकल मेकॅनिक, निवृत्तीच्या वेळी हवालदार. बंदूक चालवल्याच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. आमच्या गावी, तामसीत, पोरं विचारतात, ‘काका, किती दुश्मन मारले?’ मी म्हणतो, एकही नाही. ते खरं आहे. आपल्याच दोन माणसांचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही सिक्कीममध्ये एका उंच पोस्टवर होतो. पत्र्याची एक शेड, सहा गाड्या आणि आम्ही दोन मेकॅनिक. सकाळी पाचला उठायचं, इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली, म्हणजे संपखाली, स्टोव्ह पेटवून ऑइल पातळ करायचं, मग इंजिन चालू करायचं. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी चिकटायची. दुपारपर्यंत काम, त्यानंतर धुकं.

तिथं माझा एक गाववाला होता, म्हणजे आमच्याच आदिलाबादकडचा. लान्स नायक नामदेव, ड्रायव्हर. गाव नार्नूरजवळचं. वडील शाळेत चपराशी. सगळी पलटण हिंदी बोलायची. आम्ही दोघं भेटलो की आपली बोली. तो मला उस्ताद म्हणायचा. गाडी कधी दामटायचा नाही. वळणावर इतका हळू घ्यायचा की मागचे ड्रायव्हर शिव्या घालायचे. ‘उस्ताद, शिव्यानं मानूस मरत नाई,’ म्हणायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कागदावर त्याच्याबद्दल वेगळंच लिहिलं गेलं.

त्या दिवशी त्याची जीप माझ्याकडे जॅकवर होती. मागच्या डाव्या चाकाची, तेल अडवणारी ॲक्सल सील फुटली होती. डिफरेन्शियलचं ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरून चाक धरणारे दोन्ही ब्रेक-शू थबथबले होते. मी नवी सील बसवली. नियम असा की तेल प्यायलेले शू फेकून द्यायचे. स्टोअरमध्ये शू नव्हते. मागणीचा कागद जाऊन महिना झाला होता.

तेरा-वीसला वायरलेसवर वरच्या चौकीचा संदेश आला. ऑपरेटर ओरडून परत परत तेच सांगत होता.

“एक जवान सीरियस. छाती में पानी. तुरंत नीचे भेजना है. गाड़ी कब मिलेगी? ओव्हर.”

बाकी पाचही गाड्या रेशनवर गेलेल्या. सुभेदारसाहेब शेडच्या दारात आले.

“हवालदार, कितना टाइम?”

“एक घंटा, साब.”

मी शू पेट्रोलमध्ये धुतले. सँडपेपर मारला, ब्लो-लॅम्पनं शेकले. कोरडे दिसले तेव्हा बसवले. ही युक्ती प्रत्येक मिस्त्रीला येते आणि प्रत्येकाला वाटतं की ती चालते. सपाटीवर चालतेही. शेडसमोर मी स्वतः जीप पळवून तीनदा ब्रेक मारला. तिन्ही वेळा जागच्या जागी थांबली. जॉब कार्डवर ‘फिट’ लिहून सही केली.

नामदेव चावी घ्यायला आला.

“उस्ताद, शू नवे टाकले का?”

“नवे नाहीत. धुतले.”

“चालते?”

“चालते. जाय तू.”

त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. माझा शब्द त्याला पुरला. चौदा-पन्नासला जीप सुटली. मागे वरच्या चौकीवरून स्ट्रेचरवर उतरवून आणलेला आजारी सिपाही दिलबाग आडवा, आणि त्याला धरून बसलेला नर्सिंग असिस्टंट. खालचं हॉस्पिटल बावीस किलोमीटर, सगळा उतार.

पंधरा-चाळीसला संदेश आला. “जीप खाई में गिरी है. ओव्हर.”

रेशनवरून परतलेल्या पहिल्या गाडीतून मी रिकव्हरीला गेलो. वळणाच्या आधी रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा होत्या. मी मोजल्या. तीन चाकांच्या होत्या. मागच्या डाव्याची नव्हती. त्या चाकानं पकडलं नाही, गाडी उजवीकडे ओढली गेली, आणि उजवीकडे खाई होती. लाइनिंगनं आतवर प्यायलेलं तेल पेट्रोलनं निघत नाही. उतारावर ब्रेक तापला की ते पुन्हा बाहेर येतं. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि मी दुसऱ्यांनाही शिकवत होतो.

नामदेव आणि दिलबाग जागीच गेले. नर्सिंग असिस्टंट बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. संध्याकाळी बर्फ पडला आणि खुणा बुजल्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न होता.

“गाड़ी फिट थी?”

“फिट थी, साब.”

शूबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नर्सिंग असिस्टंटला एवढंच आठवत होतं की शेवटी गाडी फार जोरात होती. निष्कर्ष लिहिला गेला: चालकाचा अतिवेग. माझ्या घरी बायको, दोन लेकरं, पेन्शनला चार वर्षं. अशी कारणं मी स्वतःला बरीच दिली. खरं एवढंच की मी घाबरलो.

एक्याण्णवला घरी आलो. कापूस, ज्वारी, एक म्हैस. आदिलाबादला बसनं जायचो, पण नार्नूरकडे जाणाऱ्या उटनूरच्या रस्त्याला कधी गेलो नाही. नार्नूरला लग्न असलं की माझी कंबर दुखायची. बायको म्हणायची, “तुमची कंबर मोठी हुशार हाये, गाव पाहून दुखते.” तिला कारण माहीत नव्हतं. स्वप्नात मला खाई दिसत नसे. तो चावी घ्यायला आलेला दिसायचा आणि विचारायचा, ‘चालते?’ मी दर वेळी चालते म्हणायचो.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात सकाळी एक जुनी जीप दारात थांबली. एक माणूस उतरला. तीच चाल, तसेच कान.

“काका, मी गौतम. नामदेवचा धाकटा भाऊ.”

कर्ज काढून जीप घेतली होती. नार्नूर ते आदिलाबाद सवारी मारायचा. मागच्या चाकातून तेल गळत होतं.

“बाबा म्हन्ले, दादाच्या पलटनीतले मिस्त्री तामसीले हायेत, त्यायलेच दाखव. उद्या लग्नाची सवारी हाये. घाट उतरायचा हाये.”

मी खाली वाकून पाहिलं. मागचं डावं. देव वगैरे मी फारसा मानत नाही, पण पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

काम गोठ्यासमोर सुरू केलं. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक मारला, ॲक्सलखाली सागाचा ओंडका दिला. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाणाऱ्याला मी आजही शिव्या देतो. चाक काढलं, मोठा नट सोडवला, पुलर लावून ड्रम ओढला. ड्रम सुटताच काळं तेल मातीत सांडलं. ब्रेकचा पाइप सोडला, प्लेटचे बोल्ट काढले. मागचे पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, जसे निघाले तसे क्रमानं तारेत ओवून गौतमच्या हाती दिले. शाफ्ट ओढून काढला. जुनी सील दगडासारखी कडक झाली होती.

मग ॲक्सलवरची हवा जायची बारीक नळी पाहिली. चिखलानं गच्च. हवा कोंडली की ऑइल सीलमधूनच वाट काढतं. लोक सीलमागून सील बदलतात आणि नळीकडे बघत नाहीत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. मी तारेनं नळी मोकळी केली. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, ओठ तेलाच्या बाजूला ठेवला आणि लाकडी ठोकळ्यानं हलके हलके ठोकून ती बसवली. हात सवयीनं चालत होते. तेवढा वेळ बरं वाटलं.

मी हात पुसत होतो. गौतमनं दोन्ही शू उचलले आणि डिकीतून पेट्रोलचा डबा आणला.

“काका, हे धुऊन टाकू. शेकले का चालते.”

“नाही.”

“काऊन? सारेच तर धुतात.”

“नवे आणू आदिलाबादहून.”

“आज दुकान बंद हाये, काका. उद्याची सवारी जाईन. हप्ता भरायचा हाये. तुमी फक्त म्हना चालते, बाकी मी पाहून घेतो.”

मी डबा त्याच्या हातातून काढून घेतला. मग ओंडक्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. शू, ब्लो-लॅम्प, सही, तीन खुणा, आणि ‘फिट थी, साब’. सांगताना त्याच्याकडे पाहिलं नाही. तेल सांडलेल्या मातीकडे पाहत होतो.

त्यानं शू खाली मातीत टाकले. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“आठ सालं झाली, काका,” तो म्हणाला. “आठ सालं माहा बाप मान खाली घालून फिरून राह्यला.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुमी पाह्यलंच नाई. मले नका सांगू आता. बाबाले सांगा.”

लग्नाची सवारी त्यानं दुसऱ्या जीपवाल्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून नवे शू आणले, बसवले, ब्रेकमधली हवा काढली. मग मी त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही नार्नूरच्या रस्त्याला लागलो. घाटात त्यानं मला एकदाही विचारलं नाही की ब्रेक कसा वाटतो. मी मात्र प्रत्येक वळणावर पाय दाबत होतो, माझ्यासमोर पेडल नसताना.

नामदेवचे वडील, तुळशीरामबाबा, अंगणात बाजेवर बसले होते. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. नामदेवची नव्हती. मी सावधान उभा राहिलो. दुसऱ्या कुठल्या रीतीनं उभं राहावं ते सुचलं नाही. उभ्यानंच सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

“म्हंजे ब्रेक दाबला व्हता माह्या पोरानं?”

“दाबला होता, बाबा. तीन चाकांच्या खुणा मी डोळ्यांनी पाहिल्या. शेवटपर्यंत दाबला होता.”

“जोरात नव्हता चालवत?”

“तो कधीच जोरात चालवत नव्हता.”

  बाबा उठून आत गेले आणि एक कोरं आंतरदेशीय पत्र घेऊन आले.

“त्या दुसऱ्या जवानाच्या मायले मी दर साली पत्र टाकतो. दिलबागच्या. मास्तरकडून हिंदीत लिवून घेतो. माह्या पोराच्या चुकीनं तुमचं पोरगं गेलं, माफ करा, इतकंच.” पत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं. “यंदाचं तुमी लिवा, हवालदार. तुमच्या हातानं. तुमच्या नावानं.”

मी बाजेच्या कडेला बसून हिंदीत लिहिलं. सिपाही दिलबागच्या आईला लिहिलं की गाडी मी दुरुस्त केली होती, शू जुने होते, आणि हे मी आठ वर्षं लपवलं. नामदेवनं ब्रेक दाबला होता. त्याची काही चूक नव्हती. खाली माझं नाव आणि पूर्ण पत्ता.

बाबांना हिंदी वाचता येत होती, हळूहळू. ओळीवर बोट ठेवत वाचत गेले. मुलाच्या नावाशी बोट थांबलं.

“इथं नुसतं नामदेव लिवलं तुमी.”

“हो, बाबा.”

“त्याची रँक लिवा.”

मी पत्र परत घेतलं आणि नावाच्या आधी लिहिलं: लान्स नायक.