पद्माशिवाय खिद्रापूर

खिद्रापूरला जायचं ठरलं ते देवासाठी नाही, फोनमधल्या एका फोटोमुळे. पद्मा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, भिशीच्या सहलीत कोपेश्वराच्या देवळात उभी आणि तिच्या गळ्यात हात टाकून भिशीतली ती नवी बाई! आमचं दोघींचं कधीचं ठरलेलं. माझ्या महादेवाचं देऊळ आणि तिचं जैन मंदिर, म्हणजे बस्ती, तिथे हाकेच्या अंतरावर आहेत, तर जायचं ते दोघींनी मिळूनच. मला एका शब्दाने न विचारता ही गेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढच्याच रविवारी सकाळी ह्यांना स्कूटर काढायला लावली.

"जळतीयास व्हय गं?" हे म्हणाले.

"गप चालवा."

कोल्हापूरहून हातकणंगले, इचलकरंजी, कुरुंदवाड करत दोनेक तासांत पोचता येतं. कुरुंदवाडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता अरुंद, समोरून ट्रॉली आली की आपणच थांबायचं. देवळाला तिकीट नाही. खिद्रापुरात चहापलीकडे फारसं काही मिळत नाही, तेव्हा भाकरी-खर्डा बांधून न्या.

देऊळ काळ्या दगडाचं. पुढच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. खांब असे गुळगुळीत की हात लावल्यावाचून राहवत नाही. बाहेर पायाशी हत्ती खांद्याला खांदा लावून देऊळ पेलतात, कितीकांच्या सोंडा तुटल्यात. एरवी तासन्‌तास बघत बसले असते. पण प्रत्येक खांबापाशी वाटायचं, इथे त्या दोघी हसल्या असतील. ह्या देवळात नंदी नाही. सती नंदीला घेऊन माहेरच्या यज्ञाला गेली ती परतलीच नाही. नंदी तिकडे यडूरला राहिला आणि महादेव इथे कोपून बसला, अशी कथा आहे. आपलं माणूस गेलं की देवसुद्धा चिडतो, मी तर साधी बाई.

मग बस्तीत गेले. मुद्दाम. आतल्या मूर्ती, खांबांवरचं कोरीव काम, सगळं डोळे भरून पाहिलं आणि दारात फोटो काढून स्टेटसला टाकला, 'पद्माची बस्ती, पद्माशिवाय'. फार बरं वाटलं.

बाहेर एक मावशी झाडत होत्या. राहवेना म्हणून विचारलं, "मागच्या आठवड्यात बायकांची गाडी आलती का? एक मोठ्यानं हसणारी हुती?"

"आलती की. बाकीच्या आत गेल्या. ती हसणारी न्हाय गेली. हितंच बसली पायरीवर. म्हणली, शाळेतली मैत्रीण हाय माझी, बस्ती तिच्यासंगंच बघणार."

घाईघाईने स्टेटस काढायला गेले, तर पद्माने ते आधीच बघितलेलं.

येताना नरसोबाच्या वाडीला बासुंदी खाल्ली. इतकी बेचव ती कधी लागली नव्हती. घरी आल्यावर हिय्या करून फोन लावला.

"आत जाऊन आलीस?" पद्माने विचारलं.

"हो गं. चुकलं माझं."

"मी पायरीवर बसलो खुळ्यागत, आन् तू दाजींना घिऊन गेलीस व्हय? दाजींना काय कळतंय त्यातलं?"

आवाज रागाने कापत होता तिचा. जळत होती ती, थेट माझ्यासारखी. खोटं कशाला बोलू, स्वर्गमंडपात झालं नव्हतं एवढं सुख मला तेव्हा झालं.