बदलीचा हुकूम निघण्यापूर्वी आलेला फोन

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला राजाजीनगरच्या एका पोलीस ठाण्यात एक बाई तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा नौदलात रडार दुरुस्तीचे काम करत होता. त्याची बदली कोणत्या जहाजावर होणार, हे तिला एका अनोळखी माणसाने फोनवर सांगितले होते. खुद्द मुलाला ते माहीत नव्हते. मी तेव्हा त्या ठाण्याचा निरीक्षक होतो; निवृत्तीनंतरही हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

बाई या कन्नड शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातली होती. घरचे कापडाचे दुकान होते.

"अण्णा, त्याला सगळं ठाऊक होतं. मुलाचा कोर्स कधी संपतो तेसुद्धा."

"मागितलं काय त्यानं, अक्का?" हवालदाराने विचारले.

"म्हणाला, बदली थांबवतो. जहाज निघायच्या आधी मुलगा घरी फोन करतो ना, तो दिवस तेवढा कळवा."

"कळवलात?"

"मागच्या वेळचा सांगितला. पुढचा सांगायची भीती वाटली, म्हणून आले. मला आत टाका, पण पोराला काही होऊ देऊ नका."

"आत टाकायचं नंतर बघू," हवालदार म्हणाला. "आधी स्वल्प पाणी प्या, थोडंसं."

फोनचे सिमकार्ड खोट्या कागदपत्रांवर घेतलेले निघाले. नंबर बंद होता. संध्याकाळी नौदलाचे एक अधिकारी ठाण्यात आले.

"कोण निवृत्त होणार, कोणाचं प्रशिक्षण संपणार, कोणाची समुद्रावरची मुदत भरली, हे जुळवून प्रत्येक जहाजावरची प्रत्येक जागा कोण भरणार याचा आराखडा आम्ही खूप आधी करतो," ते म्हणाले. "हुकूम शेवटी निघतो."

"या मुलाचा निघाला आहे?" मी विचारले.

"नाही. म्हणजे त्या माणसाकडे आराखडाच आहे."

"या एकट्याचा?"

"सगळ्यांचा."

आराखडा नौदलाबाहेर एकाच ठिकाणी गेला होता. व्हाइटफील्डमधली एक कंपनी या कामासाठी संगणक प्रणाली तयार करत होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रमुख इंजिनिअरची चौकशी केली. तो मूळचा पुण्याचा.

"चाचणीसाठी बनावट नावं वापरायची, अशी लेखी सूचना होती ना?" मी विचारले.

"सर, डमी डेटावर प्रोग्रॅम कधी अडकतच नाही. खऱ्या यादीत एकाच माणसाला दोन जहाजं लागतात, तेव्हा चूक दिसते. डेडलाइन जवळ आली होती. खरी यादीच टाकली मी."

"घरच्यांचे नंबरही?"

"हो."

"कोणाकोणाला दिसत होती?"

"टेस्टिंगच्या सगळ्यांना."

मी नावे लिहून घेतली. त्यांतला एक कंत्राटी टेस्टर न सांगता काम सोडून गेला होता. तो शहराजवळच्या आनेकलमध्ये भाड्याच्या खोलीत सापडला. यादीच्या दोन प्रती काढून दोन माणसांना दिल्याचे त्याने कबूल केले. पहिल्याला आम्ही पकडले. बाईला फोन त्यानेच केला होता. त्याच्याकडची प्रत जप्त झाली. दुसऱ्या माणसाचे खरे नाव टेस्टरला माहीत नव्हते.

बाईच्या मुलाची नियोजित बदली रद्द झाली. जहाजावरची रडारची जागा रिकामी ठेवता येत नव्हती. तिथे दुसरा खलाशी पाठवण्यात आला. त्याचे नाव आणि त्याच्या घरचा नंबरही त्याच यादीत होता.

जहाज ठरलेल्या दिवशी निघाले. तोपर्यंत दुसरी प्रत सापडली नव्हती.