नीट हात

टापटीप माणसावर माझा भरवसा बसत नाही. ज्याच्या टेबलावर एकही कागद इकडचा तिकडे नसतो, त्याच्या कप्प्यात काय कोंबलेलं असेल, हेच आधी माझ्या मनात येतं. नवरा म्हणतो, तू मास्तरीण कशाला झालीस, फौजदार व्हायचं. घाटंजीजवळच्या एका शाळेत मी कितीतरी वर्षं विज्ञान शिकवते आहे. पोरांच्या वह्या तपासून तपासून स्वभावच तसा झाला आहे.

वह्यांवर शेरा मारायला माझ्याकडे इंग्रजीतले दोनच शब्द आहेत. एक ‘सीन’, म्हणजे पाहिलं. दुसरा ‘नीट’. हा दुसरा शब्द मला लहानपणापासून खटकत आला आहे. इंग्रजांचा नीट आणि आपला नीट कानाला एकच, अर्थालाही जवळपास एकच. मग कोणी कोणाचा उचलला? आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. मला काही ते पटलं नाही.

पुढे एका लग्नात दिरानं ग्लास पुढे केला आणि म्हणाला, “पाणी नको, मी नीट घेतो.” तासाभरात त्याला नीट उभं राहता येईना. आता तर बसस्टँडपासून कोर्टापर्यंत खांबाखांबावर नीट लटकलेलं असतं, डॉक्टर व्हायच्या परीक्षेचं. आणि या सगळ्यांच्या आधीचा नीट आमच्या आईचा. ती उजव्या हाताला उजवा म्हणतच नसे, नीट हात म्हणायची. नीट हातानं जेव. नीट हातानं पाहुण्याले पाणी दे. हे बोलणं मी आमच्या घराबाहेर कुठंही ऐकलं नाही.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत मी दहावीची जर्नलं तपासत होते. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीचं जर्नल हाती आलं आणि मी थबकले. ही मुलगी पाचवीपासून आमच्या शाळेत, वर्गात तोंडातून शब्द काढत नसे. चाचणीच्या पेपरात तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दर वेळी मी त्याचे गुण कापत असे. आणि हे घरून लिहून आणलेलं जर्नल? गोलसर, ठसठशीत अक्षर, एका रेषेत चालणारं. परीक्षानळीच्या आकृत्या अशा, की नळी उचलून घ्यावी. एका पानावर तेवढी ओली शाई उजवीकडे फरफटली होती. भाड्याच्या माणसानं घाईत लिहिलं असणार, मी म्हटलं. जर्नलं लिहून देणारे लोक असतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटच्या पानावर मी लाल पेनानं ‘Neat’ लिहिलं आणि पुढे ठळक प्रश्नचिन्ह काढलं. सही केली नाही. माझ्या सहीशिवाय तिला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता आलं नसतं, आणि मला तेच तिला कळू द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वडिलांना घेऊन आली. सरळ शेतातून आले होते, सदऱ्याला कापूस चिकटलेला. त्यांनी ते पान माझ्यापुढे उघडलं.

“मॅडम, तुमी नीट लिवलं. ते डॉक्टरकीचंच ना? पोरगी नाही म्हणते. पण मंग तुमी परश्न काहून विचारला? आमची तयारी हाय. पोरगी देईन ते परीक्षा.”

मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माणूस भोळेपणाचं सोंग घेऊन मला बनवतो आहे, अशी माझी खात्री झाली.

“हे अक्षर हिचं नाही,” मी म्हटलं. “कोणाकडून लिहून घेतलं, ते सांगा. तोवर सही मिळणार नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. मुलीला म्हणाले, “छोरी, लिवून दाखव मॅडमले.”

मी कागद दिला. ती वाकून लिहू लागली आणि कागदावर कोंबडीचे पाय उमटले. मला बरं वाटलं, हे कबूल करते. चोर सापडल्यावर वाटतं तसं बरं.

वडील मात्र कागदाकडे पाहतच नव्हते. ते तिच्या हाताकडे पाहत होते.

“त्या हातानं कायले लिवून राह्यली? घरी लिवते तसं लिव ना.”

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग पेन हळूच डाव्या हातात घेतलं. त्याच वाक्याखाली तेच वाक्य, गोलसर, ठसठशीत, एका रेषेत. लिहिताना तळहाताची कड ओल्या शाईवरून पुढे सरकत होती. त्या कडेला निळा डाग होता.

“मग शाळेत उजव्या हातानं का लिहितेस?” मी विचारलं.

“पाचवीत तुमीच म्हटलं होतं मॅडम. नीट हातानं लिही म्हणून.”

खोटं बोलते आहे, हेच आधी माझ्या मनात आलं. असं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. पण तो शब्द तिला दुसरीकडे कुठं मिळणार? तो माझ्या आईच्या चुलीजवळचा होता. तो त्या वर्गात नेणारी मीच. म्हणजे पाच वर्षं ही पोर माझं ऐकून माझ्यासमोर चुकीच्या हातानं लिहीत होती, आणि मी तिचे गुण कापत होते. मला लाज वाटली. तिच्या वडिलांकडे मान वर करून पाहवेना.

मी सही केली. प्रश्नचिन्ह खोडायला गेले, तर तिथं लाल गिचमीड झाली. वडिलांनी जर्नल सदऱ्याला पुसून पिशवीत ठेवलं आणि दाराकडे निघाले. ती मागे थांबली.

“बोर्डाच्या पेपरात कोन्त्या हातानं लिहू, मॅडम?”

अजूनही ती मलाच विचारत होती. आईचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो गिळला.

“तुह्या हातानं,” मी म्हटलं.