हळू पळणाऱ्या रूथ मावशी

शेजारच्या रूथ मावशी गेल्या तेव्हा मी कंपनीत लाइनवर कामाला होते, फोन लॉकरमध्ये. शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या मुलाचे पाच मिस्ड कॉल दिसले... आणि काय ते समजलं. दुसऱ्या दिवशी शिरूरच्या दफनभूमीत पाळकांची प्रार्थना संपते न संपते तोच त्यांच्या नात्यातल्या एक बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या वयात पळायची काय गरज हुती? पळून पळूनच गेली." मावशींना कावीळ झाली होती. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलंय. तरी दोष पळण्याला, आणि पळायला नेलं म्हणून मला. मी मूठभर माती टाकून मागं सरकले. सातवीत शाळा सोडून परभणीकडून पोटासाठी आलेली बाई मी, चारचौघांत बोलायचं मला जमत नाही. पण महिना झाला, राग गिळला जात नाही.

मी त्यांना नेलंच नव्हतं. त्यांनी मला नेलं.

माझ्या वडिलांचा पाय शुगरनं गेला. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझीही शुगर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पळा. म्हणायला काय जातंय? कारेगावच्या रस्त्यावर सकाळी पोलीस भरतीची पोरं पळतात, आणि मला विजेचे दोन खांब गाठताना धाप लागायची. "वहिनी, दुसरा गिअर टाका की," एकजण म्हणाला आणि सगळे हसले. त्या दिवसापासून मी कंपनीचा ड्रेस घालून, खांद्याला डब्याची पिशवी अडकवून पळायला लागले. लोकांना वाटावं, बाईची बस चुकतेय. बस चुकणाऱ्या बाईला कुणी हसत नाही. पिशवीत डबा रिकामाच असायचा.

शेजारच्या खोलीतून मावशी हे महिनाभर बघत होत्या. मिशनच्या वसतिगृहात पोरींना रांधून घालण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यांच्यापासून काय लपणार? एका सकाळी त्यांनी दारातच अडवलं. "आज गुरवार. कंपनी बंद हाय. कुणाची बस धरतीस गं?"

मला रडूच आलं. वडिलांच्या पायापासून सगळं सांगितलं. मावशी आत गेल्या आणि मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, साडी वर खोचून बाहेर आल्या. म्हणाल्या, बघू तुझ्याहून हळू कोण पळतंय.

खरंच त्या माझ्याहून हळू होत्या. पोरांना आयतंच सापडलं. आजी, मेडल आणा, वगैरे. मावशी थांबल्या, कमरेवर हात ठेवून दम घेतला. "तुझ्या आईला शुगर हाय का रं? घरी जाऊन इचार. मंग हास."

पोरं हसायची थांबली असं नाही, पण ड्रेस आणि पिशवी मी घरी ठेवायला लागले. सहा महिन्यांत शुगर उतरली. जोरात पळणाऱ्याचाच घाम खरा, आणि आमचा काय नळाचा असतो? ज्या बाईनं माझा पाय वाचवला, तिच्या मातीवर उभं राहून लोक तिलाच नावं ठेवतात.

पाण्याच्या टाकीखाली एक कट्टा आहे. परतताना मावशी तिथं टेकायच्या आणि दम बसेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. मी आजही पळून आले की तिथं बसते, कडेला सरकून. परवा भरतीतला एकजण शेजारी टेकायला लागला.

"तिथं माणूस बसलंय," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

तो उभाच राहिला.