दोघांची शिडं

महिन्यापूर्वी सकाळी यशवंताण्णांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "मास्तरकाका, अण्णा गेलं. पहाटं, झोपंतच..." पिरनवाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. आदल्या शुक्रवारीच मी त्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं होतं, आणि गुडघा ठणठणीत होता.

अण्णा निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, ते स्वतः नौदलात. निवृत्तीनंतर पिरनवाडीत घर बांधलं आणि कारवारला शिडाची एक जुनी छोटी होडी घेतली. होडी तिकडं, शिडं मात्र इकडं. खाऱ्या दमट हवेत बुरशी धरते म्हणून वापरलेलं शीड घरी आणून धुवायचे, गच्चीवर वाळवायचे. शेजारीण ते भाताच्या राशीवर टाकायला मागायची. मी हिंडलग्याचा निवृत्त शिक्षक, पोहायलाही येत नाही, तरी या माणसानं मला आठ वर्षं समुद्रावर नेलं.

समोरून वारा असला की होडी सरळ जात नाही, तिरकी वळणं घेत पुढं सरकते. अशा वेळी डोलकाठीच्या पुढं कोणती शिडं लावायची, हा अण्णांचा लाडका विषय. वारा मंद असेल तर एकच मोठं. वाढायच्या बेतात असेल तर दोन लहान, एकामागं एक. जोर फारच झाला तर त्यातलं एक उतरवता येतं. पण दर वळणाला दोन्हींचे दोर एका बाजूनं सोडून दुसऱ्या बाजूला ओढायचे, म्हणजे माणसं दोन हवीत. सुकाणू आणि पुढचं शीड त्यांचं, आतलं माझं. एकट्यानं जायचं तर त्यासाठी वेगळं ठेवलेलं एकच लहान शीड लावायचं आणि रखडत जायचं.

"वारं वाढल्यावर न्हाय मास्तर, वाढंल असं वाटलं की बदलायचं." मला तो भित्रेपणा वाटायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मीच हट्ट धरला, आज मोठंच राहू द्या. दोन लहान शिडांची पिशवी माझ्या हातानं बांधूनही टाकली. अण्णांनी ऐकलं... खाडीबाहेर पडलो आणि वाऱ्यानं होडी उलटते की काय इतकी कलंडवली. शीड फाटलं, दोरात अण्णांची दोन बोटं चेचली. परतताना एवढंच म्हणाले, "तुमचं ऐकलं, चूक माझी." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी पुन्हा गेलो असतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला असं माफ केलेलं सोसत नाही. मी जाणं बंद केलं. अण्णांचा फोन मात्र दर शुक्रवारी यायचा.

"येताय न्हवं उद्या?"

"गुडघा, अण्णा."

"बरं... बघा की फुडल्या खेपंला."

परवा सुजातानं मला गच्चीवरच्या खोलीत नेलं. शिडांच्या पिशव्या ओळीनं ठेवलेल्या. मोठं शीड अण्णांनी त्या दुखऱ्या बोटांनीच शिवलं होतं. एकट्यानं जायच्या शिडाची पिशवी वापरून वापरून विटली होती. दोन शिडांची पिशवी मात्र कोपऱ्यात, जशीच्या तशी, आणि तिच्या तोंडाला माझी गाठ. मला गाठ कधी धड मारता आली नाही. उलटी पडायची, घट्ट बसायची. अण्णा कुरकुरत सोडायचे आणि नीट बांधायचे. ही तेवढी त्यांनी दोन वर्षं सोडलीच नव्हती.

"कात्री आणू, काका?" सुजातानं विचारलं. मी नको म्हणालो आणि नखांनी सोडवत बसलो. दुपार झाली तरी ती सुटेना, आणि कुरकुरायला कुणी नव्हतं.