मुगालुलाचा तिसावा पत्ता

मसाका गावात न्येंडोच्या बाजारात मुगालुलाकडे केस कापायला जायचं, तर सोबत दोन गोष्टी लागतात: फुरसत आणि टोपी. फुरसत अशासाठी, की मशीन अर्ध्या डोक्यावर आलं की नेमका त्याच्या फोनवर कुणीतरी डाव मांडतं. आणि टोपी अशासाठी, की डाव लांबला तर तशाच अर्ध्या डोक्यानिशी घरी जेवायला जावं लागतं. लुटाया मास्तर एकदा असेच शाळेत गेले. पोरं हसली नाहीत, त्यांना वाटलं नवी फॅशन आली. दुसऱ्या दिवशी तिघं तशीच कापून आली आणि त्यांच्या आया मास्तरांच्या दारात.

मुगालुलाला सगळे सालोंगो म्हणतात, म्हणजे जुळ्यांचा बाप. मसाक्यात हा मोठा मान. पण त्या जुळ्यांनी बापाचं डोकं जेवढं उठवलं नसेल, तेवढं या फोनमधल्या पत्त्यांनी उठवलं होतं. खेळ सांगायला सोपा. जमवलेल्या ढीगभर पत्त्यांतून तीस निवडून आपला कॅट तयार करायचा आणि समोरच्याशी भिडायचं. पत्त्यांवर जनावरं, भुतं, विजा, वादळं. हातात कुठला पत्ता येईल ते नशिबाचं, पण तीस कुठले घेतले ते तुमच्या अकलेचं. त्यामुळे हरलं की लोक थेट अक्कल काढतात.

कंपालाच्या मोठ्या सामन्याला मसाक्याचे चार जण जायचे होते. तिघं ठरले होते. चौथ्या जागेसाठी मुगालुला आणि त्याचा मेहुणा बोसा यांच्यात शनिवारी दुपारी सलूनमध्येच लढत व्हायची होती. बोसा समोरच्याच दुकानात मोटारसायकली दुरुस्त करतो. मुगालुलाला ती जागा फार हवी होती. जन्मभर लोकांची डोकी खाली वाकवली, एकदा तरी गावानं आपल्याकडे मान वर करून पाहावं, एवढंच त्याचं म्हणणं.

घोडं अडलं होतं देवकापाशी. मुगालुलाच्या कुळाचं देवक नाकतोडा. ज्याचं जे देवक, ते त्यानं मारायचं नाही, खायचं नाही. नोव्हेंबरात सगळं मसाका पंख तोडून कांद्यावर परतलेले नाकतोडे खात असतं, तेव्हा हा बिचारा नाकाला रुमाल लावून गिऱ्हाइकं करतो. त्याची बायको नालुले माशाच्या कुळातली. ती भावाकडे, म्हणजे बोसाकडे, जाऊन पोटभर खाते, चूळ भरते आणि घरी येऊन ‘आज भूकच नाही’ म्हणते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मुगालुलालाही आहे. कोण तोंड उघडणार?

तर या खेळवाल्यांना काय सुचलं, त्यांनी यंदा नाकतोड्यांचे पत्ते काढले. स्वस्त आणि झुंडीनं येणारे. बोसानं आपला कॅट त्यांनीच ठासून भरला. समोर नाकतोडे आले की मुगालुलाचा अंगठा लुळा पडायचा. मारणार कसा?

“दाजी, चित्र आहे ते,” बोसा रस्त्यापलीकडून ओरडायचा. “चित्राला कुठलं आलंय देवक?”

मुगालुला म्हणायचा, ठीक आहे, पण आजोबा स्वप्नात येऊन जाब विचारायला लागले की त्यांना तुमच्याकडे पाठवतो.

एकोणतीस पत्ते त्यानं घोकून घोकून बसवले. बहुतेक रानडुकरं, झुंडीतून मुसंडी मारून थेट समोरच्याला धडकणारी. तिसावा मात्र काही केल्या बसेना. मास्तर म्हणाले, वीज घाल. वीज सगळे नाकतोडे जाळते, म्हणून ती बाद. भाजीवाली म्हणाली, सिंह घाल. सिंह येईपर्यंत डाव संपतो. दाढीला आलेल्या एका पाद्रीबुवांनी तर देवदूत सुचवला, आणि मुगालुलानं ब्लेड बदलायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. ज्याला स्वतःचे दोन मोजे जुळवता येत नाहीत, तोही त्याचा कॅट जुळवायला बसलेला.

शेवटी वैतागून त्यानं गरुड करायचा ठरवला. खेळात नको असलेले पत्ते चुरले की भुकटी मिळते, तिच्यातून नवा पत्ता होतो. गुरुवारी चुलीपाशी बसून तो पत्ते चुरत सुटला. नालुले शेजारी मातोके शिजवायला हिरवी केळी सोलत होती. चुरता चुरता चिखलमासा आला. हा मासा कुणाला काही करत नाही, नुसता आडवा पडून राहतो. तो पडलाय तोवर समोरच्याला पुढे जाता येत नाही, आधी त्यालाच मारावं लागतं. पण एका फटक्यात मरतो, म्हणून कुणी ठेवत नाही.

“हे काय करताय?” नालुलेनं विचारलं.

“चुरतोय. बिनकामाचा आहे.”

“माझ्या बापाचं देवक बिनकामाचं?”

“अगं, चित्र आहे ते...” म्हणता म्हणता तो थबकला. हे तर बोसाचंच वाक्य. त्यानं माशाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग तिच्या हातातल्या सुरीकडे. बहिणीचं हे, तर भावाचं काय होईल? त्यानं मासा चुरला नाही. नालुलेला वाटलं, आपला मान राखला. त्या दिवशी त्याला वाढलंही जास्त.

शनिवारी बोसा आला तो तळलेल्या नाकतोड्यांचा पुडा घेऊनच, आणि मुगालुलाच्या नाकासमोर कुरुमकुरुम खात बसला. मास्तर खुर्चीत होते. अर्धं डोकं झालं होतं, उरलेल्या अर्ध्यानं ते पंचाचं काम करत होते. बोसानं झुंडीमागून झुंड उतरवली. एक हल्ला, की डाव संपला.

मुगालुलानं मासा ठेवला.

बोसाचा अंगठा हवेतच राहिला. पुड्यातला हातही. पडद्यावर वेळेची वात जळत होती. नाकतोड्यांनी माशाला मारल्याशिवाय वाट नव्हती, आणि मारणारा अंगठा माशाच्या कुळातला.

“मारा की,” मास्तर अगदी मऊ आवाजात म्हणाले. “चित्र आहे ते.”

“मास्तर, तुम्ही डोकं झाका,” बोसा म्हणाला.

वात संपली, पाळी गेली. पुढचीही तशीच गेली. मुगालुलाची डुकरं नाकतोड्यांना धक्का न लावता मधून जात होती आणि बोसाला हाणत होती. हल्ला करायचाच नाही म्हटल्यावर बोसा नुसता घाम पुसत राहिला. डाव संपला. जागा मुगालुलाची झाली.

हा आनंद मास्तरांचं उरलेलं डोकं होईपर्यंतही टिकला नाही. नालुले दारात उभी होती.

“आमच्या देवकाची ढाल केलीत?”

“तुझा भाऊ हात लावणार नाही, माहीत होतं मला.”

“आणि कंपालातले? ते काय माझे भाऊ आहेत? तिथल्या कुणी मारला तर?”

कंपालाला जायच्या आधी मासा कॅटमधून निघाला पाहिजे, असा तिथल्या तिथे हुकूम झाला. बोसानंही संधी साधली. बायकोच्या भावाला दुखावलं की कोंबडा द्यावा लागतो, हे काय मुगालुलाला सांगायला हवं होतं? लग्नात त्याची बहीण नेताना एक दिलाच होता. आता परसातला ठिपक्यांचा गेला. तो काखेत मारून बोसा असा निघाला, की पाहणाऱ्याला वाटावं हाच जिंकला. दारात थांबून म्हणालाच, “दाजी, तिसावा पत्ता कोंबडाच घाला. द्यायची सवय आहे तुम्हाला.”

मुगालुलानं मशीन उचललं, मास्तरांची मान खाली दाबली आणि लोकांना अक्कल कशी नसते यावर बराच वेळ बोलत राहिला. मशीन मात्र चालू होईना. मास्तरांनी हळूच मान उचलून आरशात पाहिलं. सालोंगोच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि तो कोंबड्याचा पत्ता शोधत होता.

मास्तरांनी मुकाट्यानं टोपी घातली.